सोबत नेलेला प्रश्न

भिवंडीतल्या यंत्रमाग कामगाराच्या मुलीने परदेशात एक सत्र शिकायला जावं का? चार-सहा महिन्यांत काय हाती लागणार, ही शंका रास्त आहे. पण मुदतीपेक्षा सोबत नेलेला प्रश्न मोलाचा. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी तिथल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात निबंध वाचला, तो भारतातल्या जातींवर. न्यूयॉर्कमध्ये बसून त्यांनी घरचाच प्रश्न उकलायला घेतला! खर्चाचा आक्षेप मात्र खरा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची राज्य शासनाची परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहे. तशीच सोय एका सत्रासाठीही हवी. सूत, रंग, सांडपाणी आणि कामगारांची फुप्फुसं यांबद्दल विचारायला भिवंडीच्या मुलांकडे पुष्कळ आहे.