नैवेद्याची शुद्धी कोठून मोजावी?

देवासाठी रांधावयाचे अन्न शुद्ध असावे, याविषयी आपल्यात मतभेद नाही. मतभेद आहे तो शुद्धी कोठून मोजावयाची याविषयी. स्नान, सोवळे, विहिरीचे पाणी, सारवलेली चूल, चव न घेता रांधण्याचा नेम, इतके पाळले म्हणजे आपले समाधान होते. पण मणगण्यात वा खिरीत शेवटी जी वेलदोड्याची पूड पडते, ती सोवळ्यात येण्यापूर्वी कोठे होती?

नंदिगड्डे हे जोयडा तालुक्यातील, सह्याद्रीच्या रानातील गाव. उत्तर कन्नडाच्या या घाटमाथ्यावर सुपारीच्या सावलीत वेलदोडा लावण्याची रीत जुनी आहे. हे झाड सावली, ओल आणि कुजलेला पाला यांवर पोसते. त्याचा सुगंध टरफलात नसून दाण्यातील तेलात असतो, आणि ते तेल उष्णतेने उडून जाते. म्हणूनच जाणती गृहिणी वेलदोडा साखरेबरोबर कुटते आणि पातेले उतरविल्यावर घालते.

परंतु हे झाड नाजूकही आहे. फुलकिडे आणि खोडकिडा त्यास पोखरतात. ‘कट्टे’ नावाचा विषाणुरोग मावा पसरवितो. शिवाय त्याची फळे एकदम पिकत नाहीत. तोडणी कित्येक महिने, अनेक खेपांनी चालते. त्यामुळे एका फुलोऱ्यासाठी मारलेले औषध शेजारच्या तयार बोंडावरही बसते. पुढे सुमारे पाच शेर ओली बोंडे वाळून एक शेर वेलदोडा उरतो. पाणी जाते, औषधाचा अंश मात्र राहू शकतो.

ही शंका केवळ काल्पनिक नव्हे. जानेवारी 2023 मध्ये शबरिमलच्या ‘अरवण’ प्रसादातील वेलदोड्यात कीटकनाशकांचे प्रमाण मर्यादेबाहेर आढळल्यावरून केरळच्या उच्च न्यायालयाने त्या प्रसादाची विक्री थांबविली. पुढे तयार प्रसादाची तपासणी होऊन तो खाण्यास योग्य ठरला, आणि मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कायद्याचा प्रश्न मिटला, धर्माचा उरला.

कोणी म्हणेल, चिमूटभर वेलदोड्याने काय होते? देव भावाचा भुकेला आहे. हे खरेच. विषाने देवास बाधा होत नाही. पण नैवेद्य देवापुढून उठल्यावर जातो कोठे? तो लहान मुलांच्या, गर्भवतींच्या, वृद्धांच्या हातावर पडतो. आणि त्याही आधी, पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्या मजुराच्या श्वासात त्यातील विष गेलेले असते. ज्या भावास या माणसांची आठवण नाही, तो भाव अपुरा होय. शुद्धी ही देवाची गरज नव्हे. ती देवाच्या नावाने खाणाऱ्यांची आणि पिकविणाऱ्यांची गरज आहे.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. सेंद्रिय वेलदोडा महाग असतो. तो घेणाऱ्याने न घेणाऱ्यास अशुद्ध म्हणावे, तर जुन्या शिवाशिवीस नवे नाव दिल्यासारखे होईल. शिवाय ‘सेंद्रिय’ म्हणजे निष्पाप, असेही नाही. उत्तर कन्नडात बागेचा पाला बहुधा लगतच्या ‘बेट्ट’ रानातून येतो. तो बेसुमार तोडला तर बाग निर्मळ राहील आणि रान उघडे पडेल. निर्विष शेतीलाही मर्यादा लागतेच.

मग करावे काय? गरिबाने वेलदोडा न घालता गूळखोबरे ठेवावे. त्यात उणेपणा नाही. ज्यास परवडते, त्याने थोडा पण निर्विष वेलदोडा घ्यावा. मोठी जबाबदारी मात्र देवस्थानांची. घरची खरेदी तोळ्यांची, देवस्थानची शेरांची. त्यांनी बागाईतदारास ‘हे कसे पिकविले?’ असे विचारावे, आणि प्रामाणिक उत्तराचे योग्य मोल आगाऊ द्यावे. कारण फवारणी सोडणाऱ्याचे पीक घटले, तर तो तोटा त्याने एकट्याने का सोसावा?

सोवळ्याची हद्द आपण स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर आखली आहे. ती बागेच्या बांधापर्यंत नेणे, हेच आजचे सोवळे होय.