मद्यप्यास दंड कीं औषध?

पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी येथें १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या चळवळींत मद्यप्यांस देवळाजवळ खांबास बांधून मारीत असत. गांवची दारू सुटली, हें खरें. परंतु भयानें सुटलेलें व्यसन भय सरतांच परतणार नाहीं काय? शिवाय, ज्याचें शरीर नित्य मद्यास सरावलें आहे, त्याचें मद्य एकाएकीं तोडल्यास हात कांपतात, झटके येतात, क्वचित् प्राणही जातो. तेथें मार काय करणार? पुण्यांत १९८६ सालीं डॉ. अनिता व अनिल अवचट यांनीं मुक्तांगण स्थापिलें. तेथें व्यसनास आजार मानून उपचार करितात, आणि मनुष्य घरीं परतल्यावरही त्याचा पाठपुरावा सोडीत नाहींत. आजारी म्हणून तो निर्दोष ठरला, असें मात्र नव्हे. पत्नीस केलेली मारहाण, गहाण टाकलेलें शेत, हें त्याचेंच कर्म. त्याचा जाब पंचांनीं अवश्य विचारावा. पण आधीं त्यास डॉक्टरांकडे न्यावें, व शुद्धीवर येऊं द्यावें.