हमी देणारा हात

नॉटिंगहॅममधल्या हेडन रोडवरच्या कारखान्यात प्रत्येक मोटरसायकल दोनदा जोडली जाई. पहिल्या जुळणीत सगळे भाग एकमेकांत नीट बसतात का, ते पाहायचे. मग गाडी पुन्हा पूर्ण सुटी करायची, भागांना रंग आणि मुलामा द्यायचा आणि ती नव्याने उभी करायची. त्या पहिल्या जुळणीची खूणही तयार गाडीवर उरत नसे. गिऱ्हाइकाला न दिसणाऱ्या या कष्टांत तिथे कुणी हात राखत नसे.

ही गाडी म्हणजे ब्रफ सुपीरियर. जॉर्ज ब्रफ यांनी १९१९ मध्ये वडिलांच्या मोटरसायकल-धंद्यातून बाहेर पडून तिची सुरुवात केली आणि १९४० पर्यंत, २१ वर्षांत, सुमारे ३,०४८ गाड्या बांधल्या. एका नियतकालिकाच्या वार्ताहराने तिला मोटरसायकलींमधली रोल्स-रॉइस म्हटले आणि ते बिरुद कायमचे चिकटले.

पण तिला हाताने घडवलेली म्हणताना एक अडचण येते. ब्रफ यांच्या गाडीचे इंजिन बहुधा लंडनच्या जे. ए. प्रेस्टविच यांच्या कारखान्यातून येई, पुढच्या काळात मॅचलेसकडून. गिअरबॉक्स स्टर्मी-आर्चरची. यंत्राचा जीव म्हणावा तोच भाग दुसऱ्याच्या भट्टीतला. मग ब्रफ यांनी केले काय? नुसती जुळणी?

माझ्या मते हस्तकलेचा खरा अर्थ या प्रश्नापाशीच उलगडतो. १९२४ मध्ये त्यांनी एसएस १०० हे मॉडेल आणले. नावातला आकडा वेगाचा होता: ताशी १०० मैल, म्हणजे सुमारे १६० किलोमीटर. ते नुसते जाहिरातीतले वाक्य नव्हते. गाडी चाचणीत तेवढा वेग गाठते, याचे सही केलेले प्रमाणपत्र तिच्याबरोबर मिळे. अपेक्षेला न उतरलेली गाडी पुन्हा कामाच्या टेबलावर जाई. इंजिन दुसऱ्याचे आहे, ही सबब ब्रफ यांना सहज सांगता आली असती. त्यांनी नाव आपले लावले आणि जबाबही आपलाच मानला.

आपल्या भाषेत चांगल्या स्वयंपाकिणीच्या हाताला चव असते. वाण्याकडून आणलेले डाळ-तांदूळ तिने पिकवलेले नसतात. निवडलेले, पारखलेले असतात आणि जेवणाचा बरा-वाईट शब्द तिच्यावर येतो. त्याच भाषेत जबाबदारी टाळण्याला हात झटकणे म्हणतात. कौशल्य आणि उत्तरदायित्व या दोन्हींसाठी मराठीला हातच आठवतो. हाताने घडवलेली वस्तू यंत्रावर केलेल्या वस्तूहून नेहमीच सरस असते, असे मी मानत नाही. यंत्राचे माप अनेकदा माणसापेक्षा अचूक असते. फरक पडतो तो त्या वस्तूमागे नावानिशी कोण उभे आहे, याने.

या गाड्या श्रीमंतांच्या होत्या, हे खरे. त्या काळच्या कामगाराला त्या परवडणे कठीण होते. हा आक्षेप मला टाळायचा नाही. मात्र ही महागाई ज्या थोडक्या संख्येतून येते, तिचेही दोन प्रकार असतात. काही वेळा आकडा आधी ठरतो, टंचाई निर्माण केली जाते आणि त्या टंचाईचीच किंमत वसूल होते. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक नगाला द्यावा लागणारा वेळच संख्येला लगाम घालतो. दोनदा जोडायचे आणि चालवून पाहायचे म्हटले की वर्षाला हजारो नग बाहेर पडत नाहीत. पहिला प्रकार मिरवण्याचा, दुसरा निगुतीचा. ब्रफ यांची संख्या मी दुसऱ्या प्रकारात धरतो.

अशा हमीलाही सीमा असते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे टी. ई. लॉरेन्स यांनी एकामागून एक सात ब्रफ गाड्या वापरल्या आणि त्यांना घडवणाऱ्याचेच, जॉर्ज हे नाव दिले. मे १९३५ मध्ये डॉर्सेटच्या रस्त्यावर सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना ते सातव्या गाडीवरून फेकले गेले. डोक्याला मार लागला होता. सहा दिवसांनी ते गेले. त्यांच्या उपचारांत असलेले मेंदूशल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी तिथे हात झटकले नाहीत. डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून १९४१ मध्ये त्यांनी मोटरसायकलस्वारांना हेल्मेट किती उपयोगी ठरते, हे मांडले. कारागिराची जबाबदारी जिथे संपली, तिथून एका डॉक्टरने ती पुढे नेली.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रफ यांच्या कारखान्यात रोल्स-रॉइसच्या मर्लिन विमान-इंजिनांसाठी काम झाले. ज्या नावाशी मोटरसायकलची तुलना होत होती, त्याच नावाचे काम या हातांवर सोपवले गेले. मोटरसायकली मात्र तिथे पुन्हा बनल्या नाहीत. अलीकडे फ्रान्समधल्या तुलूझजवळ हे नाव पुन्हा जिवंत झाले असून तिथेही गाड्या थोड्याच बनतात.

आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात अशी गाडी कधी उभी राहील. पण खुर्ची घेताना, कपडे शिवून घेताना, घर बांधून घेताना एक प्रश्न प्रत्येकाला विचारता येतो: हे बिघडले तर कुणाचे नाव घ्यायचे? आणि आपण स्वतः काही करून देत असू, तर त्या प्रश्नाला आपले नाव सांगता आले पाहिजे.