खुराड्याचे माप

गेल्या उन्हाळ्यात भोपाळ येथे आमच्या परसात बारा कोंबड्या होत्या. खुराडे मात्र सहांसाठी बांधलेले. अंडी चांगली मिळत, शेजारी मागून नेत, म्हणून आम्ही कोंबड्या वाढवत गेलो. मे महिन्यात पारा ४० अंशांपलीकडे गेला, तेव्हा त्या चोची उघडून धापा टाकू लागल्या. कोंबडीला घाम येत नाही; धापा टाकून आणि पंख अंगापासून दूर धरून ती उष्णता बाहेर टाकते. आमच्या कोंबड्यांना पंख दूर धरायलाही जागा नव्हती.

एके सकाळी एकीची पाठ इतरांनी टोचून रक्तबंबाळ केलेली दिसली. मी म्हणालो, "किती दुष्ट जात!" पत्नी म्हणाली, "अहो, दुष्टपणा त्यांचा की आपला?"

अंडी देतात त्या अर्थी सुखी असणार, अशी माझी समजूत होती. परंतु अंडे घालणे हा देहाचा धर्म आहे. अडचणीत कोंडलेली कोंबडीही अंडी देतच राहते.

मग पुरेशी जागा म्हणजे किती? रात्रीच्या निवाऱ्यात दर कोंबडीस सुमारे तीन चौरस फूट आणि बसायच्या दांडीवर वीतभर जागा असावी. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्यास आडोशाची एक पेटी हवी. दिवसा माती उकरायला, धुळीत लोळायला दर कोंबडीस आठ-दहा चौरस फूट अंगण मिळावे. प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही गुन्हा आहे.

कोणी म्हणेल, "येथे माणसांनाच जागा नाही, कोंबड्यांचे काय घेऊन बसलात?" तक्रार खोटी नाही. पण कोंबडी आपण होऊन आपल्या दारी आलेली नसते. आपण तिला आणतो. जागा वाढवणे हाती नसले, तरी संख्या कमी ठेवणे हाती असतेच.

कोंडणे हेच पाप, असेही नाही. मुंगूस आणि कुत्री यांपासून निवारा हवाच. प्रभूने आपल्या प्रीतीसाठी पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचा दाखला दिला. पंखांखालची जागाही अरुंदच. पण तेथून पिलाला हवे तेव्हा बाहेर पडता येते.

आम्ही सहा कोंबड्या शेतावर राहणाऱ्या एका नातलगाकडे पोहोचवल्या. अंडी निम्मी झाली. शेजाऱ्यांना नाही म्हणावे लागते. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी एखाद्या रविवारी मुलांना घरचे खुराडे मोजून यायला सांगावे. दयेचा धडा त्या मापावरून सहज शिकवता येईल.