दोरी नसलेलं पाणी

वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं सोडतात तेव्हा मध्ये दोरी बांधलेली असते. अलीकडे आपण, पलीकडे ऑलिव्ह रिडलेची पिल्लं. कितीही मोह झाला तरी पाय तिथेच थांबतात, आणि आपण किती समंजस आहोत असं वाटत राहतं. लक्षद्वीपला अगत्तीच्या लगूनमध्ये उतरले तेव्हा कळलं, तो समंजसपणा दोरीचा होता.

तिथे पाणी उथळ. तळाच्या समुद्री गवतावर एक हिरवं कासव चरत होतं. (‘हिरवं’ हे नाव पाठीवरून नाही, आतल्या चरबीच्या रंगावरून पडलंय. म्हणजे नावसुद्धा त्याला कापणाऱ्यांनी दिलेलं.) मी वर तरंगत होते. त्याने चरणं थांबवून मान वर केली. मला वाटलं, माझ्याकडे बघतंय. कॅमेरा सरसावून मी जवळ गेले. ते वळलं, मीही वळले. पुन्हा वळलं, पुन्हा मी. मग ते झपाट्याने दूर गेलं आणि बऱ्याच अंतरावर त्याचं डोकं पाण्याबाहेर आलं. त्याला श्वास घ्यायचा होता, आणि त्याच्या वाटेत मी होते.

मी हात लावला नव्हता. प्रेमानेच बघत होते. ‘लोकांनी पाहिलं तरच ते वाचवतील’ हे वाक्यही मनात तयार होतं, आणि ते खोटं नाही. वेळासला पूर्वी अंडी उचलून नेत. 2002 पासून घरटी राखली जाऊ लागली, पुढे महोत्सव आला, पाहुण्यांमुळे गावात चार पैसे आले. पण तो युक्तिवाद बघण्याच्या बाजूचा आहे. आणखी दोन हात पुढे सरकण्याला त्यात आधार नाही.

हवाईमध्ये कासवापासून किमान 10 फूट लांब राहायला सांगतात. आकडा हवाच. पण आपल्यामुळे त्याने चरणं सोडलं असेल, तर 10 फूटही जवळच. अडचण अशी, की मला नेमकं तेच हवं होतं. कासव बघण्यापेक्षा कासवाने मला बघावं, ही खरी हाव.

आमच्या बोटवाल्याला कासवांचं अजिबात कौतुक नव्हतं. ती गवत फस्त करतात, मासळी कमी होते, ही त्याची तक्रार. आणि तरी त्यांच्या वाट्याला न जाणारा तोच होता.

दुसऱ्या दिवशी मी बोटीची कड धरून पाण्यात नुसती थांबले. बऱ्याच वेळाने, लांब, एक डोकं वर आलं, फस्सकन श्वास घेतला आणि खाली गेलं.

“फोटो मिला?” बोटवाल्याने विचारलं.

कॅमेरा वर, त्याच्याच पायाशी पडला होता.