खालून कोण धुणार?

गाडी घेतलीस, उत्तम केलंस. रत्नागिरी स्टेशनवरून पाहुणे आणतोस, गणपतीपुळे-जयगड फिरवतोस, हप्ते वेळेवर भरतोस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते पडवीतल्या त्या फळीबद्दल. शॅम्पू, वॅक्स, ‘सिरॅमिक’ लिहिलेला फवारा, टायर काळे करायचं पाणी, डॅशबोर्डला लावायचं आणखी काहीतरी. बाटल्यांची रांग लावून ठेवली आहेस. आणि तुझ्याच गाडीच्या चाकावरच्या कमानीत आत हात घातला, तर मूठभर तांबडा चिखल हातात येतो, त्यात पुळणीवरची वाळू मिसळलेली. ती तिथे किती दिवस आहे, हे तुला सांगता येत नाही. एवढा पैसा ओतलास, पण आपल्या गाडीवर मळ बसतो तो कसला, हा प्रश्न एकदा तरी स्वतःला विचारलास का?

हे मी एकट्या तुला सुनावत नाही. गावात गाड्या घेतलेल्या माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांना सांगते आहे, आणि मे महिन्यात नि गणपतीत गाड्या घेऊन येणाऱ्या चाकरमान्यांनाही.

धातूंचं क्षरण वर्गात शिकवलं होतं. लोखंड गंजायला काय लागतं, असं विचारलं की अख्खा वर्ग ओरडायचा, ‘हवा आणि पाणी!’ मीठ असेल तर ही क्रिया झपाट्यानं होते, हेही त्याच धड्यात होतं. ते परीक्षेत लिहिलंस, गुण घेतलेस आणि विसरलास. मालगुंडात राहून ते विसरण्याची सोय नाही. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि त्यातच विरघळतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ पाझरतं ते यामुळेच. आपल्याकडे पावसाळाभर, आणि एरवीही कित्येक रात्री, आर्द्रता त्याहून जास्त असते. म्हणजे खाऱ्या वाऱ्यानं गाडीच्या पोटाला चिकटवलेलं मीठ सुकून गप्प बसत नाही. ते ओलं राहतं आणि रात्रभर आपलं काम करतं. तू वर बॉनेट पुसत बसतोस आणि पत्रा खालून जातो.

रंगाचा आणि पत्र्याचा कस बघायला मिठाच्या फवाऱ्याची एक चाचणी असते. तिचं प्रमाण अमेरिकेत 1939 मध्ये ठरलं. 35 अंश तापमानाच्या बंद पेटीत नमुना ठेवायचा आणि त्यावर 5 टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडत राहायचं. समुद्राच्या पाण्यात मीठ असतं साधारण साडेतीन टक्के. धातू लवकर गंजावा म्हणून प्रयोगशाळेत जे मुद्दाम करतात, त्याच्या जवळपासचं तू पाहुण्यांच्या हौसेखातर करतोस. लाटेच्या कडेनं पुळणीवर गाडी घालतोस, चाकांनी उडवलेलं खारं पाणी थेट चॅसीवर आणि ब्रेकच्या नळ्यांवर घेतोस, फोटो काढून देतोस आणि घरी आल्यावर काचा पुसतोस! वाळूत गाडी रुतली की सगळ्या गावाला दिसते, म्हणून तेवढीच भीती तुला वाटते. पुळणीवर गाडी घालायची नाही. पाहुण्याला स्पष्ट सांगायचं. तो रागावला तर रागावू दे, गाडी त्याची नाही.

आता कान देऊन ऐक. पहिली खरेदी बाटलीची नव्हे, पाण्याची. चांगली लांब नळी घे. जमलं तर घरगुती प्रेशर वॉशर घे, सोबत गाडीखाली घालता येईल असा वाकडा दांडा. कमानी, दारांखालचे सांधे, सायलेन्सरच्या आजूबाजूची जागा, मडफ्लॅपच्या मागची बाजू, एवढं आधी साध्या पाण्यानं धू. दारांच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं ठेवलेली असतात, ती कधी पाहिलीस? चिखलानं ती बुजली की पावसाचं पाणी दारात साचतं, आणि दार आतून कुजत येतं. रंगाला फोड आलेला तुला दिसतो तोपर्यंत खालचा पत्रा गेलेला असतो. काचेखालच्या खाचेत सुरूची पानं अडकतात, तीही हातानं काढायची. हे काम महिन्यातून एकदा, आणि गाडी खाऱ्या पाण्यातून गेलीच असेल तर त्याच दिवशी. मात्र प्रेशर वॉशरचा झोत इंजिनातल्या वायरींच्या जोडांवर, रेडिएटरच्या जाळीवर आणि टायरच्या बगलेवर जवळून मारू नकोस.

पाणीही बघून घे. किनाऱ्याजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, हे तुला सांगायला नको. खारेपणा काढायला खारंच पाणी वापरणार असशील तर उपयोग काय? काळ्या तव्यावर किंवा काचेवर विहिरीच्या पाण्याचे चार थेंब टाक, उन्हात सुकू दे. मागे पांढरा डाग उरला तर तोच डाग तुझ्या रंगावरही उरणार. असं पाणी वापरावंच लागलं तर गाडी सावलीत धुवायची आणि पाणी सुकण्याआधी टिपून घ्यायचं.

यानंतर रंग. केशवसुत स्मारकाजवळ लागलेल्या गाड्या संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघ. काळ्या, गडद निळ्या गाड्यांवर गोल गोल बारीक ओरखडे चमकताना दिसतील. ते कुणी मुद्दाम काढलेले नाहीत. रोज सकाळी कोरडा फडका फिरवून मालकांनीच काढले आहेत. कंपनीतून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण एका कागदाएवढी, शंभर-सव्वाशे मायक्रॉन. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर तर 40-50 मायक्रॉनचाच. आणि तू त्यावर काय घासतोस? पुळणीची वाळू. तिच्यातल्या क्वार्ट्‌झचा कठीणपणा मोहच्या कोष्टकात 7 आहे, चाकूच्या पात्यालाही तो ओरखडा काढतो. आपल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, जांभ्याच्या धुळीत लोहाची ऑक्साइडं आहेत. फडका मऊ असला म्हणून काय झालं? त्याच्याखाली दाबले जाणारे कण मऊ नाहीत. कोरड्या गाडीला हात लावायचा नाही. आधी पाण्यानं धूळ वाहून जाऊ दे.

आणि दर दिवाळीला गॅरेजमध्ये जाऊन ‘रबिंग’ करून घेतोस, ते बंद कर. ओरखडा भरत नसतो. त्याच्या भोवतीचा थर घासून खाली आणला की तो दिसेनासा होतो, इतकंच. दर वेळी त्या 40-50 मायक्रॉनमधले काही जातात आणि परत येत नाहीत.

साबणाचं तर विचारूच नकोस. कपड्यांची पावडर बादलीत ओततोस आणि फेस आला म्हणून खूश होतोस. फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध तुला कुणी शिकवला? मी तरी नाही. दर्शक कशाला म्हणतात ते आठव. चिमूटभर हळद पाण्यात कालव, त्यात कपड्यांच्या पावडरचं पाणी घाल. तांबडं होईल. पावडर आम्लारिधर्मी, म्हणजे अल्कधर्मी आहे, सामू 10 च्या आसपास. ती वॅक्स उतरवते आणि रबराच्या पट्ट्या कोरड्या करते. भांड्यांच्या द्रवसाबणानं हळद कदाचित पिवळीच राहील, पण तो तेलाचा थर सोडवायलाच बनवलेला आहे, तेव्हा वॅक्सही सोडवणारच. गाडीचा शॅम्पू सामू 7 च्या आसपासचा, उदासीन असतो आणि बुळबुळीत असतो. मळ कापडाखालून सरकावा म्हणून तो बुळबुळीतपणा हवा. साधा, उदासीन शॅम्पू घे. रंगीत फेसाला आणि सुगंधाला जादा पैसे मोजू नकोस.

बादल्या दोन. एकीत शॅम्पू, दुसरीत नुसतं पाणी. हातमोजा मायक्रोफायबरचा. एक पत्रा धुतला की मोजा आधी साध्या पाण्यात खळबळायचा, मगच शॅम्पूत. वरून खाली यायचं, चाकं शेवटी, आणि चाकांचा मोजा वेगळा. काथ्या, सोडण, भांड्यांची घासणी गाडीच्या आसपाससुद्धा दिसता कामा नये. टिपायला जाड मायक्रोफायबरचा टॉवेल, घासायला नव्हे, टिपायला. तो टॉवेल धुतोस आणि वाळत कुठे टाकतोस? चिऱ्याच्या गडग्यावर! जांभ्याचे कण त्यात भरून आणतोस आणि पुन्हा रंगावर फिरवतोस. दोरीवर वाळत घाल. जमिनीवर पडला तर त्या दिवसापुरता तो रंगाला लावायचा नाही. धुताना त्यात कपडे मऊ करणारं द्रव घालू नकोस, धाग्यांची पाणी टिपण्याची ताकद जाते.

हापूसच्या सावलीत गाडी लावायची सवयही मोडून टाक. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा टपकतो, त्यावर काळी बुरशी धरते. कैरीचा चीक कातडीला काय करतो ते तुला ठाऊक आहे. चीक, पक्ष्यांची शीट, दिसेल त्या दिवशी काढायची. ओलं कापड दहा मिनिटं वर ठेव, मऊ झालं की उचलून घे. नखानं खरवडायचं नाही, थिनर लावायचं नाही.

आता त्या ‘सिरॅमिक’बद्दल. बाटलीवर 9एच वाचून तुला वाटलं, काच जडवली. ते 9एच पेन्सिलीच्या कडकपणाचं माप आहे, मोहच्या कोष्टकातलं 9 नव्हे. पाणी ओघळून जाईल, मळ कमी धरेल, धुणं सोपं होईल, हे खरं. पण वाळू घासली तर ओरखडा येणारच, आणि गाडीच्या पोटाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पोटाला लावायचं ते अँटीरस्ट कोटिंग वेगळं. तेही आधी धुवून, पूर्ण सुकवून लावलं तरच. मीठ आणि ओल आत कोंडून वरून कोटिंग मारलंस तर गंज झाकला जाईल, थांबणार नाही.

टायरचं चकचकीत पाणी टायरच्या बगलेपुरतं. रस्त्याला टेकणाऱ्या भागाला, ब्रेकच्या चकतीला आणि पायाखालच्या पेडलना ते लावणं म्हणजे पाहुण्यांच्या जिवाशी खेळ आहे, हे मी एकदाच सांगेन.

आणि ते साबणाचं पाणी विहिरीच्या काठाशी सोडतोस, तेही आजपासून बंद. जांभ्यातून पाणी झिरपायला वेळ लागत नाही. आज सोडलंस ते उद्या तुझीच आई शेंदणार आहे.

नवी बाटली आणायला बाजारात जाऊ नकोस. नळी, दोन बादल्या, दोन मोजे, दोन टॉवेल आणि शॅम्पूची एक बाटली एवढंच पुरे. या रविवारी गाडी सावलीत घे, गुडघे टेकून चारी कमानींत हात घाल, दारांखालची भोकं काडीनं मोकळी कर आणि साध्या पाण्यानं खालून धुवून काढ. वॅक्सचं काय करायचं ते त्यानंतर मला येऊन विचार.