कोणाच्या वतीने बोलावे?

दुसऱ्याचे दुःख पाहून अस्वस्थ होणे हा तारुण्याचा एक शुभ गुण आहे. परंतु त्या दुःखाविषयी बोलण्याचा अधिकार आपणांस केव्हा प्राप्त होतो? आमच्या धर्मग्रामातील युवक-युवती सेवाशिबिरांसाठी आदिवासी पाड्यांवर जाऊ लागल्यापासून हा प्रश्न आम्हांस सतावीत आहे, आणि त्याचा विचार करताना म्हसावदच्या परिसरात पूर्वी घडलेल्या गोष्टी आठवतात.

शहाद्याहून धडगावकडे जाताना सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावद लागते. आज ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. १९९८ पूर्वी हा मुलूख धुळे जिल्ह्यात होता. शहादे तालुक्याची जमीन काळी व कसदार; तिच्यावर राबणारे भिल्ल मात्र पुष्कळदा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने बांधलेले मजूर. अनेकांच्या वाडवडिलांची जमीन कर्जापायी गेलेली. मे १९७१ मध्ये पाटीलवाडीस आदिवासींवर गोळीबार झाला, ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्यास भूमुक्ती मेळावा भरला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली. दिवस दुष्काळाचे होते.

त्या काळातील तरुणाई म्हटली की आम्हांस बेलबॉटम, लांब केस व राजेश खन्नाचे चित्रपट आठवतात. परंतु १९६८ मध्ये पॅरिसचे विद्यार्थी रस्त्यावर आले होते, १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर जन्मास आली होती, आणि शहरांतील काही सुशिक्षित तरुण शहाद्यास येऊन भिल्लांमध्ये राहू लागले होते. अभियंता झालेले कुमार शिराळकर त्यांपैकी एक. २०२२ मध्ये निधन होईपर्यंत ते श्रमिकांच्या कार्यात राहिले. यांतील अनेकजण मार्क्सवादी होते. त्यांचे तत्त्वज्ञान आम्हांस मान्य नाही. तरीही १९७१ च्या बिशप परिषदेने जे बजावले, की न्यायाविषयी बोलणारा प्रथम ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने न्यायी असावा लागतो, ते या मंडळींनी आमच्यापेक्षा अधिक गांभीर्याने आचरिले, हे कबूल केले पाहिजे.

मात्र येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. हे तरुण येण्यापूर्वी ती भूमी मुकी नव्हती. १९३० च्या दशकात गुलाम महाराजांनी भिल्लांत दारूविरुद्ध मोठी जागृती केली होती. पुढे अंबरसिंग महाराज भजनांतून बोलत होते. संघटनेचे मुख्य प्रश्न जमीन व मजुरीचे. दारूचा प्रश्न पुढे आणला तो स्त्रियांनी! मजुरी दारूत जाते आणि पाठीवर मार मिळतो, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली. बायकोस मारणाऱ्या नवऱ्यांना चारचौघांत क्षमा मागावयास लावली. बाहेरून आलेल्यांना तेव्हा त्यांच्या मागून चालावे लागले. आमच्या मते त्या तरुणांच्या त्यागापेक्षाही हे मागून चालणे अवघड असावे.

याच चळवळीतील भिल्ल कार्यकर्ते वाहरू सोनवणे यांनी ‘स्टेज’ ही कविता लिहिली. आमचे दुःख आम्हांलाच व्यासपीठावरून ऐकविणाऱ्यांविषयी ती आहे. परोपकारी मनुष्यास ती बोचते. ती बोच वाजवी आहे, असे आम्हांस वाटते.

यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय आंधळा होता, हे कोणालाही दिसत होते. त्याने हाक मारताच लोकांनी त्यास गप्प राहण्यास दटावले. प्रभू येशू मात्र थांबला आणि त्यालाच विचारले, की मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे. जे उघड होते ते त्याच्याच तोंडून ऐकण्याची प्रभूला काय गरज होती?

मागच्या शिबिराहून परतलेल्या मुलांनी सभागृहात अहवाल वाचला. वह्या किती वाटल्या, औषधे किती, सारे त्यात होते. पाड्यावरची माणसे काय म्हणाली, असे आम्ही विचारले, तेव्हा मुले एकमेकांकडे पाहू लागली. त्यांची बोली आम्हांस समजत नव्हती, असे एक मुलगी अखेर म्हणाली. ती शिकावयास किती दिवस लागतात, हेही तिनेच विचारले. आमच्यापैकी कोणासही ते सांगता आले नाही.